यंत्र नवं, मग थंडावा जातो कुठे?

भिंतीवरच्या स्प्लिट एसीची सवय असलेलं मराठी कुटुंब न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये घर घेतं, तेव्हा त्याची गाठ पहिल्यांदा डक्टशी पडते. हीटरची आणि एसीची हवा खोल्याखोल्यांत नेणारे हे पत्र्याचे किंवा लवचिक नळ पोटमाळ्यावर नाहीतर तळघरात असतात. दिसत नाहीत, म्हणून चर्चा फक्त यंत्राची होते.

‘भारी यंत्र घेतलं की झालं’ हा समज त्यातूनच येतो. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाचा अंदाज असा, की सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा भोकांतून आणि सैल सांध्यांतून वाया जाते. उन्हाळ्यात तापलेला पोटमाळा गार करायचे पैसे आपणच भरतो.

सांधे डक्ट टेपने बुजवावेत, हेही खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शेरमन आणि इयन वॉकर यांनी सांधे बुजवायच्या निरनिराळ्या वस्तू तापवून, गार करून पाहिल्या. १९९८ साली निष्कर्ष आले, आणि त्यात सपशेल नापास झाली ती कापडी डक्ट टेपच. पत्र्याचे सांधे आधी स्क्रूने आवळावेत आणि वर मॅस्टिक या चिकट लुकणाचा जाड लेप ब्रशने द्यावा. नाहीतर ‘यूएल १८१’ मानकाची टेप वापरावी. मॅस्टिकने हात बरबटतात, वेळही जातो. कंत्राटदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

‘रिकाम्या खोलीत हवा सोडणारी जाळी बंद केली की बिल उतरतं.’ हा हिशेब दिव्याला लागू पडतो, डक्टला नाही. यंत्र तेवढंच राहतं, डक्टमधला दाब मात्र वाढतो आणि गळती आणखी वाढते. फार जाळ्या बंद केल्या तर एसीच्या गार कॉइलवरून हवा कमी जाते आणि तिच्यावर बर्फही धरू शकतो.

लवचिक नळ कसाही वळवला तरी चालतो, असं मानून तो झोळीसारखा लोंबत सोडतात. तो ताणून बसवावा लागतो. सुरकुत्या आणि चिमटलेली वळणं हवा अडवतात.

खोलीतून यंत्राकडे परतणाऱ्या हवेचा तर विचारच होत नाही. दार लावल्यावर बेडरूम कोंदट होत असेल, तर यंत्र लहान आहे असं लगेच समजू नका. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल. त्या खोलीला स्वतंत्र परतीचा डक्ट द्यावा किंवा दारात जाळी बसवावी. नव्या घरात गळतीची चाचणी भिंती बंद होण्याआधी मागावी, कारण नंतर बरेचसे सांधे हाताला लागत नाहीत.