पट्ट्याचा रंग आणि तालमीची माती

जून उजाडला, शाळा भरल्या की वडूजसारख्या तालुक्याच्या गावात आईबाप एकमेकांना विचारू लागतात: पोराला कराटेला घालायचं, तायक्वांदोला की तालमीत? आणि पोरीला? उत्तर देणारा बहुधा आपलीच बाजू ओढतो. माझं मत असं, की कलेचं नाव नंतर बघावं. आधी एवढंच बघावं, की सरावात समोरचा जोडीदार खराखुरा विरोध करतो का. पोरं रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारत असतील, तर तो चांगला व्यायाम आहे. पण अंगावर आलेल्या माणसाला आवरायचं कसं, हे त्यातून येत नाही.

काळ्या पट्ट्याबद्दलचा समज यातूनच वाढला आहे. काळा पट्टा मिळाला म्हणजे विद्या पूर्ण झाली, असं घरच्यांना वाटतं. पट्ट्यांची पद्धत मुळात ज्युडोतली. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था काढली आणि तिथून ही चाल कराटेत गेली. काळा पट्टा म्हणजे पाया पक्का झाला. त्यावर ‘दान’ नावाच्या पायऱ्या सुरू होतात आणि त्यातली ही पहिली. शिवाय प्रत्येक संघटनेची परीक्षा वेगळी आणि फीसुद्धा वेगळी. दर दोन-तीन महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलत असेल, तर वर्गात मुलं एकमेकांशी प्रत्यक्ष किती वेळ लढतात, ते विचारावं.

आपल्याकडे आणखी एक ठाम समज आहे: कुस्ती ही धिप्पाड माणसांची, दूध-बदाम परवडणाऱ्यांची. हे साताऱ्यात ऐकलं की गंमत वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये 52 किलोच्या गटात लढले आणि सहावे आले. वाढले ते मातीत, आणि तिथे गाठ पडली मॅटशी. चार वर्षांनी, 1952 मध्ये, हेलसिंकीत 57 किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांनी नेलं. हे इशी मूळचे ज्युडोवाले. युद्धानंतर जपानमध्ये ज्युडोवर निर्बंध आले, म्हणून ते कुस्तीकडे वळले. एका कलेत कमावलेली पकड आणि तोल दुसऱ्या कलेत कसे कामी येतात, याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही. ‘आधी नीट निवड झाली पाहिजे, नाहीतर वर्षं वाया’ या धास्तीलाही त्यात उत्तर आहे.

आता मुलींचं. ‘तालीम पोरांची’ असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या सांगलीकडे बघावं. मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा तिथेच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. मात्र गावोगावच्या सगळ्याच तालमी मुलींना घेत नाहीत. जिथे घेतात तिथे कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे का, सराव चालू असताना पालकांना बसू देतात का, एखादी बाई शिकवायला आहे का, हे विचारायला संकोच करू नये. चांगल्या वस्तादाला याचा राग येत नाही.

‘डाव यायला हवा, ताकदीचं काही चालत नाही’ हे वाक्य जाहिरातीत छान दिसतं. पण कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग, तायक्वांदो या सगळ्यांत वजनगट का ठेवले आहेत? वजन आणि ताकद महत्त्वाची असते म्हणूनच. डावाने फरक थोडा कमी होतो, पुसला जात नाही. हे मुलांना न सांगता खोटा आत्मविश्वास देणारा शिक्षक धोकादायक समजावा.

स्वसंरक्षणाच्या नावाने होणारी एका दिवसाची शिबिरं मला विशेष खटकतात. तिथे हल्लेखोर नेहमी अंधारातून येणारा अनोळखी गुंड असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे उलटं सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. अशा माणसाला पहिल्याच चुकीच्या स्पर्शाला मोठ्याने ‘नाही’ म्हणणं, भिडेला न पडता तिथून निघणं, घरी सांगणं, हे आधी शिकावं लागतं. कॅनडात काही विद्यापीठांमधल्या विद्यार्थिनींना असं बारा तासांचं प्रशिक्षण दिलं: धोका ओळखणं, मनातली भीड मोडणं, शब्दांनी आणि अंगाने प्रतिकार करणं. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्या गटात 9.8 टक्के होतं, घेतलेल्या गटात 5.2 टक्के. लाथाबुक्क्या हा त्या अभ्यासक्रमाचा एक भाग होता, अख्खा अभ्यासक्रम नव्हे.

‘स्वतःला वाचवताना काहीही केलं तरी चालतं’ हेही खरं नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 वाचावीत. बचावाचा हक्क पूर्ण आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. हल्ला थांबून माणूस पळू लागल्यावर त्याला गाठून ठोकलं, तर तो बचाव राहत नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर कायदा तीच वाट दाखवतो. 112 हा क्रमांक पोरांना पाठ हवा.

नुसती तब्येत हवी असेल, तर कोणताही पट्टा बांधायची गरज नाही. वडूजपासून औंध दूर नाही. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि 1938 मध्ये त्यावरचं इंग्रजी पुस्तकही छापून आणलं. त्याला लागते ती अंगणातली हातभर जागा, आणि चाळिशीत सुरू केलं तरी हरकत नाही. मग तालमीत जायचं कशाला? मला वाटतं, हरायला. कुणीतरी रोज पाठ टेकवतं, उठून पुन्हा शड्डू ठोकावा लागतो. असं पोरगं मारकुटं होतं, ही भीती बहुतेकदा फोल असते, कारण रस्त्यावर काही सिद्ध करायची खुमखुमी त्याच्यात उरत नाही. मारकुटेपणा येतो तो वस्तादाच्या वागण्यातून. म्हणून नाव घालण्याआधी दोन-चार संध्याकाळी नुसतं बसून बघावं: हरलेल्या पोराशी तो काय बोलतो, दुखलं तर सराव थांबवतो का, नायटा आलेल्याला मातीत उतरू देतो का, वजन उतरवायला कोवळ्या पोरांना उपाशी ठेवतो का. आणि खुराकाच्या नावाखाली कुठली पावडर किंवा इंजेक्शन सुचवली, तर तिथूनच परतावं.