पोटरीभोवतीची टेप

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वजन घरी करायचं कसं? काट्यावर उभं राहता येत नाही, आणि दोघांनी धरून उभं केलं तर थोडा भार धरणाऱ्यांच्याच हातावर राहतो. होम केअरच्या एका सिस्टरबरोबर पुण्यातल्या घरांतून हिंडताना पाहिलं, त्या काट्याच्या नादाला लागतच नाहीत. पर्समधून टेप काढतात. ताणून सैल झालेली शिवणकामाची कापडी टेप मात्र चालत नाही.

"आजी, गुडघा दुमडा, पाऊल गादीवर टेका." टेप पोटरीभोवती फिरते, बोटभर वर-खाली सरकते आणि घेर सर्वांत जास्त भरतो तिथे थांबते. ती कातडीला नुसती टेकायला हवी, रुतायला नको. वृद्धांसाठीच्या 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' या प्रश्नावलीत उंची-वजन घेता येत नसेल तर पोटरीचा घेर धरतात. 31 सेंमीच्या खाली गेला तर काळजी करावी. मुळात बारीक चणीच्या बाईला हा एकच आकडा फसवू शकतो. म्हणून त्याच पायाचा मागच्या महिन्याचा आकडा वहीत हवाच.

त्याआधी नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा. खड्डा पडून राहिला तर सूज आहे आणि पोटरीचं माप खोटं. मग दंडाकडे वळायचं. कोपर काटकोनात दुमडून खांद्याचं हाड ते कोपराचं टोक यांच्या मध्यावर पेनाने खूण करायची, मग हात सैल सोडून खुणेवर घेर घ्यायचा. मोठ्या माणसात तो 23.5 सेंमीपेक्षा कमी भरला तर वजन उंचीच्या मानाने कमी असण्याची शक्यता बरीच असते.

शिवाय बांगड्या कोपरापर्यंत चढतात, कवळी बोलताना हलते, कानशिलं बसतात. घरच्यांना हे दिसत नाही, कारण ते रोज पाहत असतात.

सिस्टरचं खरं कसब मला प्रश्नांत दिसलं. "जेवता ना?" असं त्या विचारतच नाहीत, त्याचं उत्तर "हो, जेवते की" हेच येतं, सून शेजारी उभी असेल तर हमखास. त्या विचारतात, "काल रात्री काय केलं होतं? भाकरी किती गेली? ताटात काय उरलं?" हळूहळू कळतं, की पोळी गेली, मग भाजी गेली, आता चहा-बिस्किटावर चाललंय.

"वय झालं, खाणं कमी होणारच," हे वाक्य घरोघरी ऐकलं, आणि मला ते मान्य नाही. पन्नास किलोचं माणूस सहा महिन्यांत पाच किलोंनी उतरलं तर ते दहा टक्के झालं. ते वयावर ढकलून चालत नाही, डॉक्टरांना सांगायलाच हवं. कारण पुष्कळदा हाताशी असतं: टोचणारी कवळी, बद्धकोष्ठ, तोंडाची चव घालवणारं औषध, जोडीदार गेल्यानंतरची उदासी.

एक गोष्ट सिस्टर प्रत्येक घरी बजावून सांगतात. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर होतो का, हे आधी बघा. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत "अजून एक घास" म्हणून भरवू नका; घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.