उसाचं बिल निघेपर्यंत

पैसे कशाने द्यायचे, हा प्रश्न वडगाव निंबाळकरात पूर्वी कुणाला पडत नसे. पडायचा तो पैसे कधी द्यायचे हा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, तो सोमेश्वर नाहीतर माळेगाव कारखान्याला, आणि कारखान्याचं बिल बँकेत, तेही सोसायटीचं कर्ज वळतं होऊन. पहिली उचल, मग मधला हप्ता म्हणजे कांडेबिल, दिवाळीच्या तोंडावर राहिलेला हप्ता. वर्षाचे मोठे पैसे एवढ्याच वेळा दिसायचे. मधल्या महिन्यांत मीठ-मिरचीला दुधाचा दहा दिवसांचा पगार, आणि तोही पुरला नाही की दुकानदाराची वही.

लाल बांधणीची ती लांबट वही. नावाखाली तारीख, तारखेखाली साखर, तेल, चहापूड आणि मध्येच 'रोख 200'. म्हणजे दवाखान्याला किंवा एसटीला पैसे कमी पडले, तर तेही दुकानदारच द्यायचा आणि किराण्यातच मांडायचा. व्याज कुठे लिहिलेलं नसायचं. ते भावात असायचं. खताच्या दुकानात तर उधारीचा भाव वेगळा आणि रोखीचा वेगळा, हे तोंडावर सांगितलं जाई. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

1998 साली किसान क्रेडिट कार्ड आलं. नावात कार्ड असलं तरी सुरुवातीला ते पासबुकासारखंच होतं. दुकानात दाखवून त्यावर काही मिळत नसे. 2012 पासून रुपे कार्डं निघाली, 2014 च्या जनधन खात्यांबरोबर ती घरोघरी पोचली. घरातल्या म्हाताऱ्याचं कार्ड पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, आणि त्याच कव्हरात बॉलपेनने लिहिलेला पिन! कार्ड खरेदीसाठी असतं, हे त्या वेळी फारसं कुणाच्या गावी नव्हतं. ते एटीएममधून नोटा काढायचं साधन होतं.

मग 8 नोव्हेंबर 2016 ची, नोटबंदीची रात्र आली. शहरातल्या रांगांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. आमच्या भागाचं दुखणं निराळं होतं. 14 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला मनाई केली. 1917 साली सुरू झालेली पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक इथल्या सोसायट्यांची, म्हणजे शेतकऱ्याच्या पीककर्जाची बँक. ज्या बँकेशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार, तिचाच काउंटर नेमका बंद. तिथे साठलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची वाट 2017 च्या जूनमध्ये मोकळी झाली. ऐन गाळपाच्या दिवसांत गाव चाललं ते कार्डावर नव्हे, वहीवर. उधारी लांबवायला दुकानदार तयार झाले, कारण त्यांनाही पर्याय नव्हता.

त्याच हिवाळ्यात मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. दुकानादुकानांत स्वाइप मशीन बसली, मंत्री आले, फोटो निघाले. माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपात मुख्य प्रश्न कुणी विचारला नाही: यंत्राचा खर्च कुणी सोसायचा? भाडं, सिमकार्ड, कागदाचा रोल, आणि प्रत्येक विक्रीवर बँकेचं कमिशन. साखरेच्या पोत्यावर सुटणारा नफा तो केवढा! जानेवारी 2017 मध्ये पेट्रोलपंपवाल्यांनी याच कमिशनवरून कार्ड न घेण्याचा इशारा दिला, तेव्हा ते पुढे ढकललं गेलं. किराणा दुकानदाराने इशाराबिशारा दिला नाही. 'रेंज नाही' म्हणून तो मोकळा झाला. 2018 पासून लहान दुकानांचं डेबिट कार्डावरचं कमिशन 0.40 टक्क्यांवर बांधलं गेलं, आणि रुपे डेबिट व यूपीआयवरचं तर 1 जानेवारी 2020 ला शून्यच झालं. पण तोवर कार्डाची वेळ टळली होती.

कृषी सेवा केंद्रात मात्र 2018 पर्यंत यंत्र आलंच. ते आलं ते अनुदानाच्या खतासाठी. आधार नंबर सांगा, अंगठा लावा, पावती घ्या. पैशाचा त्या यंत्राशी संबंध नाही. पैसे पुन्हा वहीतच!

डेबिट कार्डाला बाजूला सारलं ते फोनने. यूपीआय 2016 चंच, पण आमच्याकडे ते रुळलं स्वस्त डेटा आणि करोनानंतर. चहाच्या टपरीवर चौकोनी कोड, शेजारी 'दहा रुपये प्राप्त हुए' म्हणून हिंदीत ओरडणारा डबा. दुकानदाराला कमिशन नाही, गिऱ्हाइकाला सुट्ट्यांची कटकट नाही. कार्ड मात्र कपाटात गेलं.

क्रेडिट कार्डाची गोष्ट अजून अर्धीच आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हातात पगाराची स्लिप नाही. मग बँक विचारते, उत्पन्नाचा पुरावा काय? ज्यांच्या घरी नोकरी किंवा बारामती एमआयडीसीतला पगार आहे, त्यांनाच कार्ड सहज मिळतं. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे टपरीवरच्या कोडवरही उधारी शक्य झाली. ज्याला पगार एक तारखेला, त्याला ती परवडते. उसाचं बिल कायद्याने चौदा दिवसांत मिळायला हवं, पण त्या भरवशावर कार्डाच्या बिलाची तारीख गाठायची म्हणजे धाडसच. चुकली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज. वेळेत फेडल्यास तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज राज्यात शून्य टक्क्याने मिळतं, आणि वहीवाला निदान तारीख बघत नाही. ऊसवाल्याने किराण्यासाठी क्रेडिट कार्ड काढू नये, असं मी तरी सरळ सांगतो. पेट्रोलला आणि गाडीच्या टायरला ठेवावं, तेही खात्यात पैसे असताना.

रोख कुठे उरली? मजुरीत. खुरपणीच्या बायकांना आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे लागतात, आणि ते नोटांतच लागतात. एटीएम देतं पाचशेच्या नोटा. 1 मे 2025 पासून फुकटच्या मर्यादेबाहेर एकदा पैसे काढले की तेवीस रुपयांपर्यंत आकार. म्हणून आता बागायतदार संध्याकाळी किराणा दुकानात येतो, फोनवरून दोन हजार पाठवतो आणि गल्ल्यातून शंभरच्या नोटा मोजून घेतो. दुकानदारालाही बँकेत भरणा करायची खेप वाचते. तेल-साखर घेतली असेल, तर ती मात्र अजूनही वहीत.