सात दिवसांचा ताप

शेजारच्या घरातला पाच वर्षांचा मुलगा सोमवारी शाळेतून आला तो कण्हतच. रात्री ताप १०३. घसा लाल, डोळेही लाल. पॅरासिटामॉल दिले की ताप उतरायचा, चार-पाच तासांनी पुन्हा चढायचा. गुरुवारीही तेच, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. आजी म्हणाल्या, "सूनबाई, या डॉक्टरांचा गुण येत नाही, दुसरे बघा." वडिलांना 'भारी' अँटिबायोटिक हवे होते. डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली, श्वास मोजले आणि म्हणाले, "आजी, हा अ‍ॅडिनोव्हायरस दिसतो. अजून दोन-तीन दिवस ताप राहील. औषध वाढवले म्हणून तो लवकर जाणार नाही."

औषध न वाढवणारा डॉक्टर आपल्याला पटत नाही, हे खरेच. त्यात हा विषाणू मोठा फसवा. टॉन्सिलवर पांढरे डाग दिसतात, रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळतात. सगळी लक्षणे जिवाणूंच्या संसर्गाची वाटावीत अशी. पण अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. ताप पाच ते सात दिवस, क्वचित त्याहूनही अधिक राहतो आणि बहुतेक मुलांचा आपणहून जातो.

त्याचा शोधही मुलांच्याच घशात लागला. १९५३ साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांचे सहकारी सर्दीचा विषाणू वाढवण्यासाठी योग्य पेशी शोधत होते. त्यासाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या अ‍ॅडिनॉइडच्या, म्हणजे नाकामागच्या गाठींच्या, पेशी त्यांनी काचपात्रात वाढवल्या. त्या आपोआपच मरू लागल्या. कोणी बाहेरून काही घातले नव्हते. विषाणू आधीपासून आत दडून बसला होता! बरे झालेल्या मुलाच्या घशात आणि शौचातही तो पुढे कित्येक आठवडे सापडतो, याचे मूळ इथेच आहे. त्याच्या काही जाती तर केवळ जुलाबच घडवतात.

कोविडच्या काळात घरोघरी आलेले सॅनिटायझर इथे फारसे उपयोगी नाही. या विषाणूला चरबीचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलला तो सहज दाद देत नाही. साबणाने हात चोळून धुणेच बरे. आजाऱ्याचा टॉवेल वेगळा ठेवावा. क्लोरीन कमी असलेल्या पोहण्याच्या तलावातूनही घसा आणि डोळे एकदमच येतात.

म्हणून हा आजार क्षुल्लक मात्र नव्हे. २०२३ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये त्याची मोठी साथ आली. कोलकात्याच्या रुग्णालयांतील बालविभाग भरून गेले, अनेक तान्ही बाळे न्यूमोनियाने दगावली. मुलांसाठी लस अजून नाही. अमेरिकी सैन्यातील जवानांना मात्र दोन जातींविरुद्ध तोंडावाटे लस दिली जाते. गंमत अशी, की पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्ड लशीत वाहक म्हणून वापरला तो चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरसच, अर्थात वाढू न शकणारा.

तेव्हा आईने थर्मामीटरपेक्षा श्वासाकडे अधिक लक्ष द्यावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, मूल मलूल झाले किंवा लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. ताप पाच दिवसांपुढे गेला, तरी पुन्हा दाखवावेच. लाल डोळे, लाल ओठ आणि लांबलेला ताप हे हृदयाला इजा करणाऱ्या कावासाकी आजारातही दिसते, आणि त्याचे उपचार वेळेवरच व्हावे लागतात.

शेजारच्या मुलालाही शनिवारी पुन्हा दाखवून आणले. छाती स्वच्छ होती. रविवारी रात्री त्याला घाम फुटला आणि सोमवारी त्याने वरणभात मागितला. बुधवारी आजींचे डोळे आले.