आजची हवा, मुंबईचं हवामान

‘आज हवामान फार खराब आहे हो,’ असं आपण सर्रास म्हणतो. शाळेतलं भूगोलाचं पुस्तक इथे लाल रेघ मारेल. आज खिडकीबाहेर दिसते ती ‘हवा’. एखाद्या ठिकाणच्या हवेची वर्षानुवर्षांची चालरीत म्हणजे ‘हवामान’. पण रोजच्या हवेचा अंदाज सांगणारं खातंच ‘हवामान विभाग’ म्हणवतं. मग लोकांनी गल्लत केली तर दोष कुणाचा?

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम पाऊणशेच्या आसपास! शहर एकच, हवा दोन. त्या एका दिवसावरून मुंबईचं हवामान ठरवणं म्हणजे एका सामन्यातल्या शतकावरून फलंदाजाची सरासरी सांगणं. हवामान सांगायला साधारण ३० वर्षांच्या नोंदी लागतात, असा जागतिक संकेत आहे. म्हणूनच जानेवारीत दोन दिवस हुडहुडी भरली की ‘कुठे गेली तुमची तापमानवाढ?’ असं विचारणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ते हवेबद्दल बोलत असतात.

सरासरीही कायमची दगडावरची रेघ नव्हे. अनेक दशकांच्या नोंदी तपासून हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनचं वेळापत्रक सुधारलं. मुंबईत त्याच्या आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जूनवर गेली, म्हणजे जवळपास होती तिथेच राहिली. परतीची मात्र २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरवर सरकली.