खाऱ्या समुद्रातील गोडे पाणी

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचे मोल कोणास सांगावे लागत नाही. म्हणूनच हिवरखेडहून मालवणला जाणाऱ्या कुटुंबाने सिंधुदुर्ग किल्ल्यात शिरताच प्रथम दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरी पाहाव्यात. सभोवार अरबी समुद्र आणि आत गोडे पाणी! 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी केली. पाण्यावाचून दुर्ग टिकत नाही. शरीराचेही तसेच आहे.

मालवणचा पारा अकोल्याच्या उन्हाळ्याच्या मानाने बराच खाली असतो. त्यामुळे वऱ्हाडी पाहुणा निर्धास्त होतो आणि तेथेच फसतो. आपल्याकडील कोरड्या उन्हाळी हवेत घाम लगेच वाळतो व अंग थंड होते. आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो. किनाऱ्यावरील दमट हवेत मात्र घाम निथळत राहतो, वाळत नाही. परिणामी थकवा, डोकेदुखी, चक्कर. वृद्ध, लहान मुले आणि लघवीवाटे पाणी काढणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक. किल्ला सकाळीच पाहावा, दुपार सावलीत काढावी, तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. पाण्यावर बंधन असलेल्या हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

या हवेला साजेसा आहार मालवणी घरांत आहेच. उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी आणि पाणी पुरविणारी. तांदूळ सालासकट उकडल्याने त्यातील ‘ब’ जीवनसत्त्वांचा बराच अंश टिकतो. नारळाचे दूध आणि कोकमाची सोलकढी रुचकर असते. रक्तदाब असल्यास तीत मीठ कमी घालण्यास सांगावे. बांगडा हृदयास हितकर स्निग्धाम्लांनी समृद्ध आहे, परंतु मासे प्रथमच खाणाऱ्याने थोडेच खाऊन पाहावे. शाकाहाऱ्यांसाठी घावणे आणि खतखते आहेतच.

श्रावणातील नारळी पौर्णिमेला मालवणचा किनारा गजबजतो. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. तेव्हा उत्सवासाठी गेल्यास किल्ला बंदरावरूनच पाहावा. दोन्ही साधायचे असेल तर दोन सहली कराव्यात. किल्ल्यासाठी हिवाळा उत्तम. होडीत जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे आणि स्थानिकांनी मना केलेल्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये.

पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगणारा मच्छीमार त्याला नारळ अर्पून नमस्कार करतो, त्याला गृहीत धरीत नाही. दोन दिवसांच्या पाहुण्याने तर मुळीच धरू नये.