तक्रारीचा पंचनामा

‘“दुसऱ्या” हा शब्द नीट दिसत नाही.’ एखाद्या सॉफ्टवेअरच्या बग-नोंदींत एवढीच तक्रार आली, तर ती खरी असूनही फारशी कामाची नाही. ‘या’ला चिकटलेला तो कोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे सांधणारे चिन्ह घालून. दोन्हींचे रूप सारखेच दिसायला हवे. पण एखाद्या फाँटमध्ये एक वाट साधते, दुसरी फसते. फाँट कोणता, आवृत्ती कोणती, कळा कोणत्या दाबल्या, हे कळल्याशिवाय दुरुस्त करणाऱ्याने शोधायचे तरी काय? बग-नोंदीचे टेम्प्लेट म्हणजे हे प्रश्न आधीच मांडून ठेवलेला नमुना: काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले.

तक्रारदार आळशी असतात, हा प्रोग्रामरांचा लाडका समज. पण २००८ साली अपाचे, इक्लिप्स आणि मोझिला या सॉफ्टवेअर प्रकल्पांतले प्रोग्रामर आणि त्यांच्याकडे चुका नोंदवणारे लोक यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या ४६६ उत्तरांतून दिसले ते असे, की चूक पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या प्रोग्रामरांना फार उपयोगी वाटतात, आणि नेमक्या त्याच सांगणे वापरणाऱ्यांना अवघड जाते. पंचनाम्यात काय टिपायचे हे पंचांना कुणीतरी सांगावेच लागते, तसेच हे. जानेवारी २०१६मध्ये मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या अनेकांनी, असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाला जाहीर पत्र लिहून अपुऱ्या नोंदींचे गाऱ्हाणे मांडले. पुढच्याच महिन्यात तिथे टेम्प्लेटची सोय आली.

यावर आक्षेप असा, की हे कागदी घोडे झाले. लोक रकाने कोरे ठेवतात किंवा ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. ठेवतात खरे. पण वीस रकाने छापणाऱ्याने दुसरी अपेक्षा तरी का करावी? डेबियन या लिनक्स प्रणालीचे चुका नोंदवण्याचे साधन ‘रिपोर्टबग’ पॅकेजची आवृत्ती, कर्नल, भाषेची सेटिंग हे सगळे स्वतःच भरते. यंत्राला ठाऊक असलेले माणसाला विचारणे हा टेम्प्लेट लिहिणाऱ्याचा आळस. साच्यात न बसणाऱ्या तक्रारीचे काय? तिच्यासाठी शेवटी मोकळी जागा ठेवावी. ‘दुसऱ्या’ कोणत्या कळा दाबून लिहिला, हे मात्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ते विचारायला एक ओळ पुरते.